दगड जुन्या पावसाचा

कुंदा, तू गेल्यापासून घाटाजवळच्या खालच्या ओळीतली पार्बताबाई माझ्याशी बोलत नव्हती. आज बोलली. काय बोलली ते सांगायलाच बसले आहे, पण तुझी वहिनी कधी सरळ मुद्द्यावर आली आहे का? तूच म्हणायचीस, हिच्याकडे मीठ मागितलं तर आधी मिठाची कुळकथा ऐकावी लागते. मग आज ऐक. आज तुला "हौ हौ, समजलं" म्हणत मध्येच उठून जाता येणार नाही.

तुझी तेरवी झाली, माणसं पांगली. तुझे दादा ओसरीवर रेडिओ घेऊन बसतात आणि तो लावत नाहीत. शाळेतल्या मुली येऊन गेल्या. भूगोलाच्या तासाचा तुझा तो पृथ्वीचा गोल मला देऊन गेल्या, "मैडम का है, घर पर ही रहना चाहिए" म्हणून. ठेवायला जागा नाही, तेव्हा फ्रिजवर ठेवला आहे. परवा त्याच्यावरची धूळ पुसताना पाहिलं, बंगालचा उपसागर पार पुसट झालाय. एवढी वर्षं तू तिथेच बोट ठेवत होतीस, "आपला पाऊस इथून येतो, पोरींनो." निळा रंग गेला आणि आतलं पांढरं दिसतंय. मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले.

मला तुझा राग येतो, हे आधी सांगून टाकते. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू दोन वेण्या घालणारी, नाकावर राग असलेली नणंद होतीस. मी तुझ्या वेण्या घातल्या, तुझी सायकल धरून मागे धावले, तू लग्नाला नाही म्हटलंस तेव्हा सासूबाईंच्या आणि तुझ्या मध्ये मी उभी राहिले. आणि माझ्याआधी जायची घाई तुला. वयाचा काही मान ठेवायचा असतो की नाही?

आता घाटाकडे येते, कारण भांडण तिथलंच आहे.

आपल्या घाटाच्या पायऱ्यांत तो शेंदूर लावलेला दगड. पाणी दगडाला टेकलं की सवाष्णींनी सूप घेऊन खाली उतरायचं, वैनगंगेची ओटी भरायची, खण-नारळ पाण्यात सोडायचा. मग नदीआई मागे फिरते, पाणी उतरतं. आणि ओटी भरेपर्यंत खालच्या ओळीतल्या कोणी घर सोडायचं नाही. मासे धरणाऱ्या ढीमरांची, वीटभट्टीवाल्यांची, नदीच्या वाळूत डांगरा-टरबुजांच्या वाड्या लावणाऱ्यांची ती सगळी घरं, घाटाला अगदी चिकटून. ओटीआधी जो बोचकं बांधतो त्याचा आईवर भरवसा नाही, आणि भरवसा नसलेल्यावर आई रागावते. ओटी झाली की मात्र ज्याला वर जायचं त्यानं खुशाल जावं. पहिली ओटी आपल्या घरची. सासूबाईंनंतर ते सूप माझ्या हाती आलं आणि मी ते मिरवलंही, खोटं कशाला बोलू.

तुला ओटी भरता येत नव्हती, तू कुमारी. पण तोंड कोण धरणार? मी पायऱ्या चढून वर आले की तू उभीच. "वहिनी, तुही नदी कसली सवाष्ण? वाटेत वर्धेच्या गळ्यात पडते, मंग गोदावरीच्या. सासरी एकटी कधी गेलीच नाही ते." मी ओल्या पदरानं तुला फटका मारायची.

पण ती मागे फिरायची, कुंदा. हे तूही कधी नाकारलं नाहीस. फक्त त्याचं कारण तू वेगळं सांगायचीस. पूर्वी झड लागायची. दिवस दिवस रिपरिप, ना जोर ना उसंत. कपडे वाळायचे नाहीत, निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून आपण तुझा शाळेचा ड्रेस सुकवायचो आणि त्याला धुराचा वास यायचा. रोपांच्या रोवण्याला तीच झड लागायची, धानाचं पोट तिच्यावर. माती हळूहळू प्यायची, मग नदी हळूहळू चढायची.

"दगडाशी येईस्तोवर झड दमलेली राह्यते," तू म्हणायचीस. "तू ओटी नाही भरली तरी पाणी उतरनच."

"मंग मी काय फुकट भिजतो?"

"फुकट काहून? दगड खोटा नाही वहिनी. ज्यानं ठेवला त्यानं नीट पाहून ठेवला. पण तो जुन्या पावसाचा दगड आहे. आता पाऊस तो नाही राह्यला."

इथून आपलं खरं भांडण सुरू व्हायचं आणि ते कधी संपलं नाही. छत्तीसगड वेगळं झालं त्याच्या आगेमागे कधीतरी, भारनियमनात पंखा बंद, आपण दोघी दाराशी तांदूळ निवडत बसलो होतो. मी म्हटलं, हवा तापली तर पाऊस आटला पाहिजे, तू वाढेल म्हणतेस, हे कसलं शास्त्र? तू तुझा हातरुमाल पसरलास, त्यात तांदूळ टाकलेस. "हे थंडी हवा. यात वाफ कमी मावते. घडीघडी भरते, घडीघडी सांडते. हे झाली झड." मग माझा पदर ओढून घेतलास आणि त्यात सुपातले सगळे तांदूळ ओतलेस. "हवा तापली की हा एवढा पदर. समुद्रबी तापलेला, वाफ उचलायले कमी नाही. भरायले येळ लागते, तवर तू म्हणतं आभाळ कोरडं गेलं. पण सुटला का..." आणि पदराचं टोक सोडून दिलंस. सगळ्या घरभर तांदूळ. मी तुझ्या पाठीत धपाटा घातला. दुपार गेली वेचण्यात, आणि तू वेचताना हसतच होतीस. त्यानंतर ओटीत तांदूळ घालताना मला तुझंच आठवायचं, आणि देवाच्या कामात तू लुडबुडलीस म्हणून चिडायलाही व्हायचं.

मीही काही कच्ची नव्हते. मामंजींनी त्यांच्या लहानपणी पाहिलेला पूर होता ना माझ्याकडे. देवळाच्या घंटेला पाणी लागलं होतं म्हणे. "तवा कोणती हवा तापलती?" मी विचारायची. तू म्हणायचीस, "पूर पह्यलेबी येत होते, मी कुठं नाही म्हटलं? एका पुरावर बोट ठेवून नाही सांगता येत, का हा त्याच्यानंच आला. पण बाबानं जल्मात एकदा पाह्यलं, ते आपल्याले कितीकदा पाहा लागन, ते मोज." मी म्हणायची, म्हणजे तुलाही नक्की माहीत नाही. तू म्हणायचीस, चहा ठेव. दादा रेडिओवरून बातमी द्यायचे, यंदाचा पाऊस सरासरीइतकाच आहे, तुम्ही दोघी कशाला भांडता? त्यांना तू एकदाच उत्तर दिलंस. "दादा, सरासरी कोणाच्या घरात शिरत नाही."

त्या दिवसाबद्दल लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

पोळा नुकताच झाला होता. त्याआधी बरेच दिवस पावसाचा थेंब नव्हता, धानाच्या बांधीतल्या मातीला भेगा पडलेल्या, माणसं आभाळाकडे तोंड करून बसलेली. त्या दिवशी सकाळीच उकडायला लागलं आणि न्याहारी होईपर्यंत वर, नदी जिकडून येते त्या लामत्याच्या बाजूनं सगळं काळं झालं. मग आपल्याकडेही सुरू झालं. पाऊस पडतोय असं वाटतच नव्हतं, कोणी रागानं फेकतंय असं वाटत होतं. तेवढ्यात फोन वाजला. तुझी जुनी विद्यार्थिनी, लामत्याला दिलेली. फोनवरचा तिचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "मैडम, यहाँ सुबह से घड़े उँडेल रहा है कोई. नाला सड़क पर आ गया. ऐसा पानी मैंने कभी नहीं देखा."

तू फोन ठेवलास आणि मला विचारलंस, घाटावर पाणी कुठवर आहे. मी म्हटलं, दगडाच्या बरंच खाली, कशाला जीव टांगणीला लावतेस? तू छत्रीही न घेता गेलीस.

खालच्या ओळीत तू दारोदार फिरलीस, ते मला नंतर कळलं. शाळेच्या खोल्या उघडून ठेवल्या आहेत, वर चला, म्हणालीस. त्यांच्यात पार्बताबाईचा शब्द चालतो, आणि ती तुला म्हणाली, "ओटी होऊ दे बाई, मंग येतो. आई काही चोर नाही, सांगून येते." तिचा जावई तुला पायऱ्या दाखवत होता, "मैडम जी, पत्थर तो अभी बहुत ऊपर है." एक माणूस हललं नाही. तू भूगोलाची बाई, तू सांगितलेलं पोरींच्या परीक्षेत येतं, घाटावर नाही.

मग तू आलीस. माझ्या सारवलेल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर चिखलाचे पाय घेऊन उभी राहिलीस.

"वहिनी, सूप काढ."

"पाणी टेकलं?"

"नाही."

"मंग?"

"टेकन तवा येळ राहणार नाही. आत्ता भर."

मला असा संताप आला, कुंदा. "तुह्या मनात आईबद्दल काही नाही. तुले ओटी म्हंजे पोरखेळ. आन् मले काहून खोटं करायले लावतं?"

"माह्या सांगण्यानं कोणी उठून नाही राह्यलं. तुह्या सुपानं सारे उठतीन. मले तुह्या देवाचं काम नाही वहिनी, मले तुहं काम आहे."

"आन् पाणी आलंच नाही तर? सारे शिव्या देतीन मले. सासूबाईच्या हातचं सूप, मी हसं करू त्याचं?"

"देऊ दे शिव्या. शिव्या द्यायलेबी माणूस जितं लागते."

बाहेर पाऊस एवढा होता की आपण दोघी ओरडूनच बोलत होतो. तुझ्या ओठांना रंग नव्हता. तू घाबरली आहेस हे मला तेव्हा दिसलं, आणि तुला घाबरलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं, सासूबाईंसमोरही नाही. मी सूप काढलं. नारळ आणायला वेळ कुठला, देव्हाऱ्यातल्या कलशावरचाच उचलला. तोंडानं मी तुला बोलतच होते, हात मात्र हळदकुंकू घेत होते.

तू छत्री माझ्यावर धरलीस आणि स्वतः भिजत आलीस. ओटीच्या वेळी कुमारीनं पायऱ्या उतरायच्या नसतात, पण तू उतरलीस, माझं कोपर धरून. दगड मागे टाकून आपण खाली गेलो. पाणी गढूळ, त्यातून बांबूचं अख्खं बेट मुळासकट वाहत गेलं. मी कोऱ्या पायरीवर ओटी भरली. नारळ हातातून सुटला की सोडला, मला सांगता येणार नाही. वर खालची ओळ उभी होती. मी वळून म्हटलं, झाली ओटी, चला आता. पार्बताबाईनं दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला ते पटलं नव्हतं. पण ओटी झाली होती, आणि नियम तो नियम. ती पोरासोरांना घेऊन निघाली.

त्यानंतरचं तू पाहिलंस. भाताला आधण यावं आणि भात शिजून निवावा, तेवढाही वेळ लागला नाही, दगड दिसेनासा झाला. नदी चढली नाही, उडी मारून आली. वरच्या धरणाची दारंही उघडली होती म्हणतात. खालच्या ओळीच्या भिंती एकेक करून बसल्या, आवाजही न करता. माणूस एकही गेलं नाही. पार्बताबाई शाळेच्या व्हरांड्यात कपाळाला हात लावून बसली होती आणि तू तिच्या सुनेच्या लेकराला स्वेटर घालत होतीस. त्या वेळी मला तुझा इतका अभिमान वाटला. तो मी तुला बोलून दाखवला नाही, कारण तुझ्या डोक्यात हवा गेली असती, आणि तापलेली हवा काय करते ते तू मला शिकवलंच होतंस.

पाणी उतरल्यावर तू चिखलात उतरलीस त्यांची भांडीकुंडी शोधायला. पत्र्यानं पाय कापला. हातरुमाल बांधून कामच करत राहिलीस. मग ताप, मग डोळे पिवळे. डॉक्टर म्हणाले, पुराचं घाण पाणी जखमेतून आत गेलं. गोंदिया झालं, नागपूर झालं. तिथे एका दुपारी तू शुद्धीवर होतीस, माझं बोट धरलंस आणि म्हणालीस, "पुढच्या बारीले भरशील ना वहिनी?" मी म्हटलं, "आधी बरी तर हो." तू डोळे मिटलेस. मला वाटलं, घरी गेल्यावर बोलू, भांडू, चहा पिताना ठरवू. तुला उत्तर मिळालं नाही, कुंदा. एवढं साधं "हौ" माझ्या तोंडून निघालं नाही.

आणि इकडे खालच्या ओळीत काय ठरलं, माहीत आहे? दगडाला पाणी लागायच्या आत ओटी भरली, खोटी ओटी, म्हणून आईनं त्या घरचं माणूस घेतलं. तेरवीला पार्बताबाई आली, जेवली नाही, माझ्याकडे न पाहता गेली. त्यांनी त्याच जागी पुन्हा कुडाच्या भिंती उभ्या केल्या. आणि पुढे पाणी दगडाला टेकल्याशिवाय कोणी हलायचं नाही, आपल्या घरचं सूप आधी आलं तर ते परत पाठवायचं, असं बोलणं झालं. म्हणजे ज्यासाठी तू भर पावसात दारोदार फिरलीस, ते तुझ्याच मरणानं पुसून टाकलं. मला हे सहन होत नव्हतं. आणि त्याहून वाईट सांगू? भांडी घासता घासता माझा हात थांबायचा आणि मला वाटायचं, त्यांचं खरं असेल तर? तू असतीस तर मला हसली असतीस. पण तू नाहीस, म्हणूनच तर वाटायचं.

काल पुन्हा तसंच झालं. कोरडे दिवस गेले, मग उकाडा, मग लामत्याच्या बाजूनं काळं. आणि फोन वाजला. तीच तुझी विद्यार्थिनी. तिला कोणी कळवलंच नव्हतं. "मैडम हैं क्या? उनको बता दीजिए, यहाँ फिर वैसा ही शुरू हुआ है."

मी म्हटलं, "बता दूँगी."

फोन ठेवला आणि सूप काढलं. घरात नवा खण नव्हता. तुझी पेटी उघडली. दिवाळीला मी दिलेली हिरवी साडी घडीसुद्धा न मोडता तशीच. "शाळेत हिरवी नेसून कोण शिकवते?" म्हणाली होतीस. ती सुपात ठेवली. तुझे दादा ओसरीवरून उठले, छत्री घेतली आणि मागोमाग आले.

पार्बताबाई पायऱ्यांवर आडवी उभी राहिली. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याकडे पाहत होती, पण ते बोलणं नव्हतं, धमकी होती. "पुन्हा? एक माणूस गेलं तुमच्या घरचं. आता कोणाले पाठवतं?"

"मले," मी म्हटलं. "ओटी माही, खोटी असन तर तेबी माही. आई कोपली तर मले नेईन. तुमच्या माथी काही नाही. मी इथंच उभी राह्यतो, तुमी लेकरं घेऊन वर चला."

दगडाच्या खाली गेले. साडी पाण्यात सोडली. ती लगेच गेली नाही, पायरीशी घोटाळत राहिली, मग प्रवाहानं ओढली आणि हिरवं काही दिसेनासं झालं. मी तिथेच उभी राहिले. भ्यायले, कुंदा. पोटऱ्यांना पाणी लागत होतं आणि प्रत्येक लाटेला मला वाटत होतं, ही मला घ्यायला आली. मागे वळून पाहायचीही हिंमत नव्हती. पण मागे भांड्यांचे आवाज येत होते, कोंबड्या ओरडत होत्या, कोणीतरी म्हातारीला पाठीवर घे म्हणत होतं. सगळे निघाले होते. कोप माझ्यावर घेतल्यावर त्यांना अडवणारं काही उरलं नव्हतं. शेवटी दादांनी माझा दंड धरला आणि वर आणलं.

आणि पाणी आलं नाही.

दगडाच्या आसपासही नाही. पाऊस तिकडेच कुठे तरी जंगलात मोकळा झाला असेल. दुपार कलली तसं आभाळ उघडलं, नदी होती तिथून एक पायरी चढली आणि आज सकाळी उतरली. तू म्हणाली असतीस, न आलेल्या पुरावरही बोट ठेवून काही सांगता येत नाही.

आज सकाळी सगळी खालची ओळ बोचकी घेऊन परत निघाली ती आपल्या दारावरून. पार्बताबाई ओसरीपुढे थांबली आणि सुरू झाली. मळलेलं पीठ आंबलं, कोंबडी हरवली, सुनेचं लेकरू भिजून खोकतंय, बाईचं डोकं फिरलं, नणंद गेली आणि येड मागे ठेवून गेली. तिच्यामागे तिचा जावई हिंदीत, त्याच्यामागे बायका, पोरं, ती पाठीवरची म्हातारी. दादा आत ये म्हणत होते. मी ओसरीवर बसून राहिले आणि ऐकत होते, एकेक आवाज ओळखत होते, हा भट्टीवाल्याचा, ही वाडीवाल्याची धाकटी, हा म्हातारीचा. एकही कमी नव्हता.

तुझा सोडून.